लेकीसाठी केलेली पेटी

रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला की मला सौदीतल्या हुफूफची आमची अरब शेजारीण आठवते. तिला सुतारकामाची हौस. लेकीच्या लग्नासाठी तिने बोरीच्या लाकडाची नक्षीदार पेटी केली होती. दाखवली, तेव्हा मी म्हटलं, "किती सुंदर झालीय!" तिने पेटी माझ्या हातात ठेवली. "आवडली ना? खलास, तुझीच." मी नाही म्हटलं तर ती दुखावली, म्हणून घेतली. लेकीने पुढे येऊन आतल्या आपल्या बांगड्या काढून घेतल्या. घरी नवरा म्हणाला, "अगं, इथे पाहुण्याने वस्तू वाखाणली की ती द्यावीच लागते!" लेकीच्या लग्नात त्या बांगड्या दुकानातून आणलेल्या पेटीत दिसल्या. आता कोणाकडेही गेले की मी फक्त जेवणाचं कौतुक करते.