भाला फेकला आणि वाकले

कप नीट धरा गं बायांनो. हसता हसता सांडलात तर कार्पेट तुम्हीच धुवायचं. कारण मी जो गाढवपणा केला ना, तो घरातल्या घरात नाही केला. ब्रिटनची जर्सी घालून, चार देशांच्या लोकांसमोर, भर मैदानात केला!

हो, ब्रिटनची जर्सी. मी! चौथी पास, वय बावन्न, इथे कॉव्हेंट्रीत शाळेच्या किचनमध्ये बटाटे सोलणारी. मी भाला फेकते. तोंड वाकडं करू नका. पन्नाशीपुढच्या बायकांच्या स्पर्धा असतात, आणि त्यात लुटुपुटूचं काही नसतं. जर्मनीची ती बाई बघितलीत तर दाराला कडी लावून बसाल.

सुरुवात झाली ती लेकीमुळे. तन्वीला लहानपणी ॲथलेटिक्स क्लबात घातलं होतं. मी आपली डबा घेऊन बाकावर. एकदा एक भाला घरंगळत माझ्या पायाशी आला. जॅनेट म्हणून कोच आहे, तिने लांबून खूण केली, आणून दे. एवढं कोण चालणार? दिला भिरकावून! तिच्या डोक्यावरून गेला आणि पार कुंपणापाशी जाऊन रुतला. जॅनेट आधी माझ्यावर कचाकचा ओरडली, आणि मग हळूच म्हणाली, "पुन्हा टाकशील?" गावाला चिंचा पाडायला लाकडं भिरकावली होती, ती अशी फळाला आली. तन्वीने दोन वर्षांत क्लब सोडला. मी अजून आहे.

आता माझी एक सवय. भाला सुटला की मी वाकते, जमिनीला हात लावते, कपाळाला लावते. अहो, एवढं मोठं टोक तिच्या पोटात खुपसायचं आणि माफी नको मागायला? क्लबात कित्येक वर्षं चाललं, कुणाची हरकत नाही. कारण फेकणाऱ्याने जी ओलांडायची नसते, त्या पांढऱ्या रेषेच्या मी चांगले दोन हात अलीकडेच थांबायचे. पण देशाकडून निवड झाली आणि जॅनेट म्हणाली, "ते दोन हात फुकट का घालवतेस? रेषेपर्यंत धाव!"

धावले.

पहिला भाला काय सुटला म्हणून सांगू! आयुष्यात तेवढा लांब कधी गेला नव्हता. मी रेषेच्या बोटभर अलीकडे थांबले, वाकले, नमस्कार केला, वर बघते तर लाल निशाण!

लाल म्हणजे फेक बाद. पंच एक उंचच्या उंच म्हातारा, इस्त्री केलेला.

"व्हाय रेड?" मी कडाडले. "लुक! भाला बघ, उभा रुतलाय!"

"सॉरी, मॅडम. युवर हँड." त्याने मला पंजा दाखवला आणि खाली बोट केलं.

हात? हाताला काय झालं? मग ध्यानात आलं, बांगड्या! असेल यांचा काही नियम. पण त्या साबणाशिवाय निघतात होय? बाटलीभर पाणी ओतलं, दात-ओठ खाऊन ओढल्या आणि कठड्याशी उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्या हातात कोंबल्या.

दुसरा भाला. फेकला, वाकले, लाल!

"बांगड्या काढल्या ना रे मेल्या! आता काय हात तोडून देऊ?"

त्याला मराठी येत नव्हतं हे त्याचं नशीब. म्हणून मग इंग्रजीतही सांगितलं. "यू ब्लाइंड! गेट ग्लासेस!"

बिचारा पुन्हा म्हणाला, "युवर हँड, मॅडम."

जीव घाबराघुबरा झाला हो. तीन फेकींत एक तरी धड लागते, नाहीतर घरी. नावापुढे नुसती रेघ! आणि शून्य घेऊन आलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला पुन्हा जर्सी कोण देतंय? इतका वेळ तन्वीचा मोबाइल भाल्यामागे आभाळात फिरत होता. आता तिने व्हिडिओ मागे नेऊन बघितला आणि कठड्यावरून आपल्या विलायती मराठीत ओरडली, "आई! तुझी हात लाइनच्या पुढे गेली! तू नमस्ते करते ना, तेव्हा! नमस्ते नको करू!"

नमस्कार नको?

"बाई गं, एवढ्या वेळेला राहू दे की," आमचे हे.

"तुम्ही बांगड्या सांभाळा!"

राहू दे काय? कंबर आपोआप वाकते माझी. आणि नमस्कार न करता त्या रात्री झोप लागली असती का मला? मग डोकं चाललं. भूमाता काय रेषेच्या पुढेच आहे? मागे काय हवा आहे? फेकायचा, भाला रुतेपर्यंत थांबायचं, मग पाठ फिरवून चांगली चार पावलं मागे यायचं आणि वाकायचं. कोण बाद करतो बघू!

धावले. गावची सगळी चिंच एका हातात आणून फेकला. गेला, गेला, गेला... रुतला! मी खांबासारखी उभी. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं निशाण वर गेलेलं दिसलं. गर्दी ओरडली. मी वळले, चार पावलं मोजली, डोळे मिटले आणि पार कमरेत वाकून हात टेकवला.

हाताला धावपट्टीचं रबर लागलं नाही. चामडं लागलं. त्यावर नाडी.

डोळे उघडते तर दोन काळे बूट! तो पंच, माझा हात आता कुठे जातो ते बघायला माझ्या मागे मागे आला होता. बरं, नुसता हात लागला असता तर निभावलं असतं. सवयीने तो कपाळालाही गेला!

सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मला खांद्याला धरून उठवलं. "नो, नो, मॅडम. इट्स ऑल राइट. आय फर्गिव्ह यू."

फर्गिव्ह? मला? तू? अस्सल सातारी उत्तर जिभेवर आलं होतं. पण तिकडे अजून टेप लावून माप घेणं चाललं होतं. गिळलं.

"थँक यू, सर," म्हटलं.

सोनं आलं! जर्मनीवालीला हातभर मागे टाकली. मेडल गळ्यात घालून मी रडले, जॅनेट रडली, आमच्या ह्यांनी बांगड्या खिशात ठेवून शिट्टी मारली.

पण त्या तिसऱ्या फेकीला तन्वीने मोबाइल भाल्यावर नव्हता धरला, माझ्यावर धरला होता. त्यातला मी पाया पडतानाचा फोटो आमच्या ह्यांनी मोठा करून आणलाय. तुमच्या डोक्यावर टांगलाय तोच. घरी कुणी आलं की मी मेडल दाखवते आणि हे फोटो दाखवतात. एकटे असले तरी तासन् तास बघत बसतात. परवा न राहवून विचारलं, "त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे हो?"

म्हणाले, "त्या माणसाचे बूट. कुठल्या दुकानात मिळत असतील गं?"