येतो म्हण

चंद्रपूरला वसतिगृहात राहणारी माझी मामेबहीण होळीला आमच्या गावी आली आणि तीन जाडजूड कादंबऱ्या आमच्याकडे विसरून गेली. कुठल्याशा परक्या भाषेतून मराठीत आणलेल्या. त्यांत मेलेल्या माणसांचं एक अख्खं राज्य होतं. मी तेव्हा सातवीत होते. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की मला जांभया यायच्या, पण ह्या कादंबऱ्या मी जेवतानाही खाली ठेवत नव्हते. “पुस्तकानं पोट भरते का वं?” माय म्हणायची.

मला त्या राज्याची भीती वाटली नाही, उलट फार बरं वाटलं. आमच्या घरी मरणाबद्दल कोणी काही सांगतच नसे. देवाघरी गेले म्हटलं की विषय संपला. इथं मात्र सगळ्याला नियम होते. मेलेला माणूस एका नदीवर पोचायचा. नावाडी त्याला विचारायचा, “मागे कोणाला परत येतो असं सांगून आलास का?” हो म्हणणाऱ्याला नावेत जागा नाही. दिलेला शब्द पुरा होईपर्यंत त्यानं काठावरच्या रेतीत बसून राहायचं. मेल्यावर शब्द पुरा करायचा कसा, हे लेखकानं कुठंच सांगितलं नव्हतं.

तिथं मी पुस्तक मिटलं, कारण मला आजोबा आठवले. ते मार्कंड्याच्या जत्रेला गेले आणि तिथंच, वैनगंगेच्या रेतीत, छातीत कळ येऊन गेले. घरून निघताना दारात ते काय म्हणाले, ते मला पक्कं आठवत होतं. “येतो.”

दुसरं काय म्हणणार? निघताना ‘जातो’ म्हणणं अभद्र. आमच्याकडे तर बायकाही ‘येते’ नाही, ‘येतो’च म्हणतात. म्हणजे आमच्या भागातली झाडून सगळी माणसं त्या रेतीत बसलेली असणार. लेखकाला ह्याचा पत्ता नसावा. त्याच्या भाषेत लोक खुशाल ‘जातो’ म्हणत असतील आणि नावेत चढत असतील. मला त्या माणसाचा रागच आला.

त्या वर्षी जंगलात जनावर होतं. आमच्याकडे वाघाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. शेजारच्या गावची एक बाई त्यानं मोहफुलं वेचताना नेली होती. मोहफुलं पहाटे पडतात आणि वाकून वेचावी लागतात. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं सगळे म्हणत. तरी माय जायचीच. टोपली डोक्यावर घेऊन दारात म्हणायची, “येतो वं.”

एका सकाळी मी दारात आडवी उभी राहिले. “माय, जातो म्हण.”

“काऊन? मले मारून राह्यली का तू?”

“तसं नाई. म्हण ना.”

बाबा अंगणातून ओरडले की ती पुस्तकं आज चुलीत घालतो. मी दार सोडेना. सोबतच्या बाया रस्त्यावर खोळंबल्या होत्या. शेवटी माय वैतागली. “बरं बाई, जातो. झालं समाधान?” मला बाजूला सारून ती गेली.

समाधान झालं, पण ते चहा होईपर्यंतच टिकलं. मग जंगलाकडून वानरांचा आवाज आला. जनावर हललं की ती खोकल्यासारखी ओरडतात. एकदा ओरडली, थांबली, पुन्हा ओरडली, आता जवळून. बाबांनी भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि ते निघाले. ते काहीच म्हणाले नाहीत, ‘येतो’सुद्धा नाही.

तेव्हा मी काय करून बसले ते माझ्या ध्यानात आलं. मी मायचा रस्ता मोकळा करून दिला होता. नावाडी विचारील, ती नाही म्हणेल आणि सरळ पार निघून जाईल. मला ती पार जायला नको होती. रेतीत बसली तरी चाललं असतं, पण ह्या काठावर. मी उंबऱ्यावर बसून ‘येतो, येतो’ असं तिच्या वतीनं पुटपुटत राहिले.

दुपारी माय बाबांच्या मागे आली. टोपली अर्धीच होती. जनावर नाल्यापलीकडे होतं, ती म्हणाली. “बसून होतं. आमच्याकडं पाहून राह्यलं होतं.” मग तिनं पाण्याचा गडवा एका दमात रिकामा केला.

“उद्यापासून येतोच म्हण,” मी म्हटलं. ती हसली नाही.

गेल्या पावसाळ्यात माय गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात, दम्याच्या दुखण्यानं. तिला आतल्या खोलीत नेत होते, मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. तिनं माझं बोट धरलं. बोलायला दम नव्हता, तरी तिला थट्टा सुचली. “काय म्हणू वं? जातो का येतो?”

“येतो म्हण.”

“येतो,” माय म्हणाली.

म्हणजे पुस्तक खरं असेल तर ती आता आजोबांच्या शेजारी रेतीत बसली आहे, नावा सुटताना पाहते आहे, आणि तिला तिथं मी बसवलं आहे. गेलेल्या माणसाला अडकवून ठेवू नये, असं लोक मला समजावतात. मला ते पटतं. पण तिनं शब्द दिला आहे, आणि तो मी तिला परत देणार नाही. तिला येणं जमत नसेल तर मी जाईन. तोवर बसू दे तिला.