यंत्रानं अडवलेली ओवी

सिद्धू मारकडचं बालपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की मोरगावच्या माळावरून घोड्यांवर बिऱ्हाड लादून माणसं कोकणाकडं निघायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायची. पुढं वडिलांनी कळप मोडला. सिद्धू बारामतीला एका कारखान्यात चिकटला, दोन खोल्या केल्या, संसार मार्गी लागला. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त संध्याकाळी मुक्कामावर मामा ओवी धरायचा, ती आता कानावर पडत नव्हती, एवढंच त्याला लागून राहायचं.

मामा म्हणजे तात्याबा. धनगरांच्या बिरोबाची ओवी सांगावी तर त्यानंच.

सत्याण्णव साली कारखान्यात नवी मशिनरी बसवायला जपानचे हिराई साहेब आले. त्यांच्या खिशात तळहाताएवढं एक यंत्र असायचं. त्यात प्लास्टिकच्या कवचातली छोटी चकती घातली की गाणं वाजे, आणि आवाज भरताही येई. सिद्धूनं एका रविवारी साहेबांना मोरगावला मामाकडं नेलं. साहेब मांडी घालून बसले, तात्याबानं एक हात कानाशी नेऊन सूर लावला आणि ओवी चकतीत उतरली. जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ते आणि सामानातलं तसलंच दुसरं, अशी दोन यंत्रं तारेनं जोडून तिची नक्कल काढली. मूळ चकती स्वतः नेली. नक्कल आणि एक यंत्र सिद्धूच्या हातावर ठेवलं.

त्या यंत्रानं सिद्धूचे दिवसच बदलले. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बसून तो ओवी ऐके. मामाच्या आवाजामागं मेंढरांच्या घंटा वाजत, मधेच तो खाकरे. भाकरी गोड लागे.

पुढच्या वर्षी तात्याबाचा गुडघा धरला. कळप घेऊन त्याचा मुलगा गेणू जाणार होता. बाप बरोबर नाही तर निदान त्याचा आवाज असावा, म्हणून गेणू तसलंच यंत्र घ्यायला बारामतीला आला. सिद्धू त्याला दिग्विजयच्या टेपरेकॉर्डरच्या दुकानात घेऊन गेला. दिग्विजयनं तसलं एक नवं यंत्र कपाटातून काढलं, कोरी चकती घातली, दोन्ही यंत्रांना तार जोडली आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली आणि यंत्र थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"ही नक्कल हाय, सिद्धूराव," दिग्विजय म्हणाला. "मूळ चकतीवरनं नक्कल निघती. नकलेची नक्कल हे यंत्र काढू देत न्हाय."

"का म्हणून?"

"लोकांनी विकतची गाणी फुकट वाटू नयेत म्हणून कंपन्यांनी आतच कुलूप घातलंय."

"पण ही विकतची न्हाय. माझ्या मामाची हाय. त्यानं माझ्यासमोर म्हटली."

"तुमास्नी ठावं हाय, मला ठावं हाय. यंत्राला कसं कळावं?"

सिद्धूला वाईट वाटलं. घरचंच माणूस, घरचीच ओवी, आणि परवानगी कुणाकडं मागायची तेही कळेना. अख्खी ओवी पुन्हा सांगण्याइतका दम आता मामात राहिला नव्हता. गेणू मात्र कपाटावरच्या साध्या टेपरेकॉर्डरकडं बघत होता.

"त्यात भरती का?" त्यानं विचारलं.

"त्यात कायबी भरतंय. जरा खरखर यील," दिग्विजय म्हणाला. त्यानं सिद्धूच्या यंत्राच्या, कानात घालायच्या वायरीच्या भोकातून एक तार टेपमध्ये घातली. कॅसेट फिरू लागली आणि तात्याबाचा आवाज दुकानभर पसरला. बाहेर सायकल लावणारा एकजण लावता लावता थांबला.

गेणूनं नवं यंत्र घेतलंच नाही. सेलवर चालणारा टेप घेतला.

दोघं मोरगावला गेले आणि कॅसेट म्हाताऱ्याला ऐकवली. तात्याबा डोळे मिटून ऐकत होता. मधेच त्यानं हात वर केला.

"हितं माझं एक कडवं ऱ्हायलंय. साहेबापुढं गडबडलो असन. आता घालता यील का?"

"मधी न्हाय, पर शेवटाला यील," सिद्धू म्हणाला.

त्यानं कॅसेट ओवीच्या शेवटापर्यंत पळवली आणि आवाज भरायचं बटण दाबलं. तात्याबानं भिंतीला पाठ टेकून राहिलेलं कडवं सांगितलं. आवाज थोडा थकला होता, पण सूर जागेवर होता. कुलूप नसलेल्या त्या कॅसेटीत आता जपानला गेलेल्या चकतीपेक्षा एक कडवं जास्त होतं, आणि म्हातारा त्यावर भलताच खूश होता.

दिवाळीनंतर सिद्धूनं कारखान्यातून रजा काढली आणि घाटाच्या पायथ्यापर्यंत गेणूबरोबर चालत गेला. वाटेत पहिल्या मुक्कामाला मेंढरं बसली, भाकरी झाल्या, गेणूनं टेप लावला. आधी सगळे नुसतेच ऐकत राहिले. मग एका म्हाताऱ्या मेंढक्यानं तात्याबाच्या ओळीमागं ओळ धरली, दुसऱ्यानं ढोल ओढला. सिद्धूला वाटलं होतं आपण शब्द विसरलो असू. तोंड उघडलं तर सगळे होते. शेवटचं कडवं आलं तेव्हा त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.