रतनबाईंचा चहा

भोरचा जलील नसरापूरला मोबाईलच्या दुकानात काम करायचा आणि उरल्या वेळात पंक रॉक गायचा. गायचा कसला, घसा फाटेस्तोवर ओरडायचा! असल्या ओरडण्याला जागा कोण देणार? उत्रोलीच्या रतनबाईंनी आपला रिकामा गोठा दिला. गोठ्यातून गाणं ऐकू आलं की चुलीवर चहाचं आधण ठेवायचं, हा त्यांचा नेमच झाला. त्यांचं शेत मागायला आलेल्या एका प्लॉटवाल्याला त्यांनी एकदा दारातूनच हाकललं होतं: "माप कसलं घेतोस? आदी चिखलात पाय घाल!" त्यावरच जलीलनं गाणं रचलं, आणि ते तुफान चाललं.

मग वेल्ह्याकडं प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीनं तेच गाणं जाहिरातीला मागितलं. जलीलनं देऊन टाकलं. "इकला गेलास, लेका," म्हणून ड्रमवाला सोमनाथ निघून गेला. मोबाईलवर लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. जलीलला काहीच वाटलं नाही. काही वाटत नाही, याचंही वाटलं नाही.

महिन्यानं तो गोठ्यातलं सामान न्यायला गेला. रतनबाईंनी चहा पुढ्यात ठेवला.

"परवा तुजं गाणं वाजवत टेम्पो आला. म्या म्हनलं, जलील आला. आधण ठिवलं. बगते तर प्लॉटवाला!"

"मग?"

"मग काय? तुजा मानूस म्हनून घरात घेतला. कागद दावले त्यानं. म्या बी बगितले." त्यांनी कप त्याच्याकडं सरकवला. "साकर बराबर हाय न्हवं?"

जलीलनं घोट घेतला. त्याला चवच कळेना.

"व्हय," तो म्हणाला.