टहरौलीच्या रांगेत जिज्जी

माझ्यासाठी खोटं बोलणारी बाई गेली, त्याला आज वर्ष झालं.

शेजारची जिज्जी. आमच्या झाशीत थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात. ती बुंदेली, आम्ही मराठी, पण चाळीस वर्षं भिंतीला भिंत. मला बिन्नू म्हणायची, म्हणजे लाडकी धाकटी.

(मी चौथी शिकलेली, चुकलं तर सांभाळून घ्या. पुण्याच्या वन्सं म्हणतील, वहिनी हिंदी फार मिसळते. मिसळते हो. इथला भाजीवाला मराठीत कोथिंबीर देत नाही.)

तर गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. माझी नात गौरी तेव्हा कॉलेजात फर्स्ट इयरला.

पोरगी अशी मुखदुर्बळ, पाहुणे आले की गच्चीवर पळायची.

ती एक दिवस फॉर्म घेऊन आली. "आजी, मुझे सेवा क्लब जॉइन करना है. बाबांना तू सांग ना."

मी त्या दिवशी शिरा केला. जन्मात पहिल्यांदा पोरीने स्वतःहून काही मागितलं होतं!

सुधीरने, म्हणजे माझ्या मुलाने, सही केली. पण कपाळाला आठ्या घालून.

मग थंडीत क्लबचा कॅम्प निघाला. टहरौलीजवळचं एक गाव, सात दिवस, शाळेत मुक्काम.

मुलींचे फोन मॅडमकडे जमा. संध्याकाळी पाच मिनिटं मिळणार.

आणि घरचं कुणी भेटायला यायचं नाही. आलं तर मुलीला त्यांच्याबरोबरच परत पाठवणार आणि क्लबमधून नाव कट.

पहिल्या दिवशी फोन आला. दुसऱ्या दिवशी आला.

तिसऱ्या दिवशी नाही.

सुधीर म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघतो. नाही आला तर जाऊन घेऊन येतो. पुरे झाला तो क्लब."

पोरीला काही झालं असेल, ही मला एक धास्ती. आणि काहीच झालं नसेल आणि हा जाऊन तिला चारचौघींतून उठवून आणेल, ही दुसरी. दुसरी जास्त होती की काय, देव जाणे.

सकाळीच जिज्जीचं दार वाजवलं.

"काए बिन्नू, अब का भओ?"

सांगितलं सगळं. तिने शाल घेतली. "चलो."

मी आदल्या दिवशीच्या दशम्या फडक्यात बांधल्या आणि बस धरली. तिला तेव्हा धड दिसत नसे, म्हणून पाटी मी वाचली. माझं वाचन हे असं, म्हणून कंडक्टरला दोनदा विचारलं.

शाळेपुढे ही गर्दी! क्लबने त्या दिवशी डोळे तपासणी ठेवली होती. गावातले म्हातारे-म्हाताऱ्या रांगेत, आणि टेबलाशी नावं लिहायला कोण?

आमची गौरी. ओढणी कमरेला खोचून, मोठ्याने ओरडत होती. "अम्मा, लाइन में आओ! दद्दा, आप उधर!"

मी तिथेच डोळ्यांना पदर लावला. जिज्जीने चिमटा काढला. "देख लई? अब चलो."

पण तेवढ्यात मॅडमने आम्हाला गावातल्याच समजून रांगेत उभं केलं.

नंबर आला. गौरीने मान वर केली आणि पांढरीफटक पडली.

खाली बघून पुटपुटली, "आजी, तू का आली इकडे? माझं नाव कटून जाईल!"

मॅडमला कळू नये म्हणून मराठीत. नाहीतर घरात मी मराठीत विचारावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं. एवढ्या भीतीतही मला बरंच वाटलं.

जिज्जीला आमची मराठी सगळी कळायची. म्हणाली, "गप गं. नाव लिही."

मॅडम जवळ आल्या. "अम्मा, घर कहाँ है आपका?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दतिया गेट."

"दतिया गेट? वो तो झाँसी में है."

संपलं, म्हटलं. पोरीचा क्लब मीच बुडवला.

जिज्जी ताडकन म्हणाली, "मायको है इनको. ब्याह इतै भओ. पचास साल हो गए, अब भी पूछो तो मायको बतात!"

पन्नास वर्षांनीही माहेरच सांगते, म्हणून रांगेतल्या बायका खो खो हसल्या. गौरीने मान खाली घालून लिहून घेतलं.

माझे डोळे ठीक निघाले. जिज्जीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात कुणाला सांगितलंच नव्हतं तिने.

निघालो तर मॅडम फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "अम्मा, झाँसी की आखिरी बस चार बजे है. गाँव में कल से लाइट नहीं, फोन बंद पड़े हैं. बिटिया ठीक है."

त्यांना सगळं कळलं होतं. नाव काही कापलं नाही.

सुधीरला जिज्जीनेच सांगितलं, भाचीकडे टहरौलीला गेलो होतो, वाटेत गौरी दिसली, मजेत आहे. मग त्याने तिला आणायला जायचं सोडून दिलं.

पुढे जिज्जीला ऑपरेशनला गौरीच घेऊन गेली. पट्टी सुटल्यावर जिज्जी माझ्याकडे बघतच राहिली. "हाय राम! बिन्नू, तुम तो बुढ़ा गईं!"

नंतर वर्षभर सगळं लख्ख बघितलं तिने. मग गेल्या थंडीत झोपेतच गेली.

गौरी आता थर्ड इयरला. क्लबची लीडर आहे! परवा नव्या मुलींना घेऊन कॅम्पला गेली, या वेळी मऊरानीपुरकडे. मुलींचे फोन आता तीच जमा करते.

काल तिचा फोन आला नाही. आज अजून नाही.

सकाळपासून दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. भिंतीपलीकडे हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मघाशी सुधीर म्हणाला, "आई, जाऊन बघून येऊ का?"

"नको," म्हटलं. "लोकांच्या पोरी तिच्या भरवशावर आल्यात. आपणच धावत गेलो तर त्यांच्या आयांनी काय करावं?"

हे लिहीत घरीच बसलेय.

जिज्जी, राम राम.

तुझी बिन्नू