खंडेनवमीचे स्केट्स

"हेड अप!" आमचे शेजारी गुड मॉर्निंगऐवजी हेच म्हणत. ऑकलंडमधल्या आमच्या माउंट वेलिंग्टन उपनगरात फुटपाथवर फोनमध्ये नाक खुपसून चालणारा तुमच्या-माझ्यासारखा कुणी त्यांच्या तावडीतून सुटला नाही. बर्फावर मान खाली घालून पळणारा आडवा होतो, एवढंच आपण आयुष्यात शिकलो असं ते सांगत.

ते मूळचे कॅनडाचे, व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू. नामांकित मुळीच नव्हते. संघातल्या चांगल्या खेळाडूला कुणी पाडलं की त्याच्या अंगावर धावून जायचं, हे त्यांचं काम. "गोल दुसरे करायचे, मार मी खायचो," म्हणत ते पुढचे खोटे दात काढून हातावर ठेवत. माझी मुलगी त्यावर फिदा. "डू इट अगेन!"

निवृत्तीनंतर ते बायकोच्या गावी, ऑकलंडला आले आणि बर्फाच्या रिंकवर हौशी मंडळींना शिकवू लागले. पुढे नावं विसरायला लागले, तोल जाऊ लागला. डोक्याला आता एकही मार नको, बर्फावर पाऊल नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी ते गुपचूप रिंक गाठत. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांचे स्केट्स माझ्याकडे आणून दिले. "माझ्या घरात असतील तर तो शोधून काढेलच." ते खरंच दिवसभर कपाटं उपसत होते.

पुण्याहून आलेल्या माझ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला तिने पाटावर सुऱ्या, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली मांडली. कपाटात धारदार पाती दिसली, म्हणून स्केट्सही मांडले आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात शेजारी शिरा खायला आले. सणाला ते न बोलावता येत, आणि मला ते फार आवडायचं.

ते दारातच थांबले. आता स्केट्स उचलून ते थेट रिंकवर जाणार, याची मला खात्री होती.

"हे काय करताय?" त्यांनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं. "ज्याच्यावर घर चाललं त्याला आज नमस्कार करायचा," ती म्हणाली. "आज त्याला कामाला जुंपायचं नाही, सांग त्यांना."

मी इंग्रजीत सांगितलं. ते गुडघे सांभाळत पाटाजवळ बसले. पात्यावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं, बोटाला लागलेली हळद पाहिली आणि आईसारखेच हात जोडले. मी स्केट्स त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी मान हलवली.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "फार दमलेत."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांची बायको मला सांगत होती, त्या दिवसानंतर त्यांनी घरातलं एकही कपाट उघडलं नाही.