युसूफ वडगावचं नागभस्म आणि अप्पांची पहिली चिमूट

नव्वदीच्या दशकात गावोगावी एसटीडी बूथ झाले होते. तसल्याच एका बूथवरून मामांचा फोन आला. "पोरी, पोटात लई कळ येती. हातानं तराजू उचलंना."

मामांचं युसूफ वडगावात किराणा दुकान. मधुमेहावर ते गावच्या वैद्यांचं नागभस्म घेत होते, म्हणजे शिशाचं भस्म. मी पुण्यात औषधांतले धातू तपासायचं काम करायची, त्यामुळे ऐकूनच माझं डोकं फिरलं. रजा टाकली आणि अंबाजोगाईची एसटी पकडली.

तुम्ही या रस्त्यानं गेलात तर मागची सीट घेऊ नका, जामखेडनंतर हाडं खिळखिळी होतात. मांजरसुंब्याला मात्र ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय हलू नका. स्वस्त, झणझणीत आणि पोटभर. नेकनूर मागे टाकून केजला उतरले आणि खच्चून भरलेल्या जीपनं गावात पोचले.

सकाळी मामांना घेऊन थेट अप्पा वैद्यांकडे गेले. मी तपासायला भस्म मागितलं, तर अप्पांनी वाटीभर पाण्यावर चिमूटभर टाकलं. वर तांदळाचा दाणा ठेवला.

"बगा, दाणाबी बुडंना. आनखी कावून तपासायचं?"

"अप्पा, भस्म बारीक झालंय म्हणून तरंगतंय. त्यातलं शिसं कुठं जाईल?"

"बाई, दर रोग्याच्या भस्माची पयली चिमूट वैद्यानं खायची, मंगच त्याला द्यायची. आमच्या घरचा रिवाज हाय. इख असतं तर मी जिता ऱ्हायलो असतो का?"

नवी बाटली उघडून त्यांनी चिमूटभर भस्म मधात कालवलं. माझ्यासमोर चाटलं. तेव्हा मला दिसलं, त्यांचं उजवं मनगट लोंबत होतं. चमचा धरायला ते डाव्या हाताचा आधार देत होते.

"तुमच्या पोटात कळ येते का?"

"येती. वात हाय."

"माझ्यावाणीच?" मामांनी विचारलं.

अप्पांनी बाटलीतलं थोडं भस्म कागदावर काढलं. मग त्यांनीच पुडी बांधायला घेतली, पण दोरा बोटांत धरवेना. शेवटी मी बांधली.

"घिऊन जा," ते म्हणाले. "जे निघंल ते खरं सांगा. तवर," ते मामांकडे वळले, "तुमी खाऊ नका. मीबी खात न्हाई."

पुण्यात तपासलं. शिसं होतं, आणि चांगलंच होतं. मी दोघांनाही पुण्याला बोलावून डॉक्टरांकडे नेलं. भस्म बंद झाल्यावर मामांचा हात हळूहळू सुधारला. अप्पांचा नाही. मामांनी फक्त आपल्या वाट्याचं खाल्लं होतं, अप्पांनी प्रत्येक रोग्याच्या आधीचं.

तपासल्याशिवाय धातूचं कुठलंही औषध घेऊ नका, मग देणारा कितीही सज्जन असो. हे मी आजही ठणकावून सांगते. अप्पा सज्जनच होते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. पुढे ते प्रत्येक भस्म आधी माझ्याकडे पाठवायचे. पुडीला दोरा मामा बांधायचे.